स्पॅनिश ‘जर-तर’ची जडणघडण

‘तो आला तर मी सांगेन’ आणि ‘तो आला की मी सांगेन’ ही दोन वाक्ये स्पॅनिशमध्ये बोलायची तर क्रियापदाची दोन वेगळी रूपे लागतात. पहिल्यासाठी ‘सी विएने’ आणि दुसऱ्यासाठी ‘क्वान्दो वेंगा’. यातले ‘विएने’ हे इंडिकेटिव्ह, म्हणजे मराठी व्याकरणात ज्याला स्वार्थ म्हणतात ते सरळ विधानाचे रूप. ‘वेंगा’ हे सब्जंक्टिव्ह. घडलेले नाही, पण इच्छेत, शंकेत किंवा अपेक्षेत आहे, अशा क्रियेचे रूप म्हणून ते शिकवले जाते. खात्री असेल तिथे इंडिकेटिव्ह आणि अनिश्चिती असेल तिथे सब्जंक्टिव्ह, हे सूत्र जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. आता हे सूत्र वरच्या दोन वाक्यांना लावून पाहावे. ‘तो आला की’ म्हणणाऱ्याने येणे गृहीत धरले आहे, फक्त वेळ ठरायची आहे. ‘तो आला तर’ म्हणणाऱ्याला तो येईल की नाही हेच ठाऊक नाही. म्हणजे अनिश्चिती ‘तर’मध्ये जास्त, आणि नेमके तिथेच स्पॅनिश भाषा खात्रीचे रूप वापरते. सूत्र खरे असते तर उलटे व्हायला हवे होते.

ही एखादी किरकोळ विसंगती म्हणून सोडून देता येत नाही, कारण स्पॅनिश संकेतवाक्यांची, म्हणजे जर-तरच्या वाक्यांची, सगळी व्यवस्था अशाच प्रश्नांनी भरलेली आहे. पुस्तकात ती फार नीटनेटकी दिसते. अट पुरी होण्याजोगी असेल तर ‘सी तेंगो तिएम्पो, वोय’, वेळ असला तर जातो. अट आत्ता खरी नसेल तर ‘सी तुविएरा तिएम्पो, इरिया’, वेळ असता तर गेलो असतो. संधी हातची गेली असेल तर ‘सी उविएरा तेनिदो तिएम्पो, आब्रिया इदो’. शिकणाऱ्याला वाटते की कोणी शहाण्या माणसाने वास्तवाचे तीन थर पाडले आणि प्रत्येक थराला एकेक रूप नेमून दिले. माझे म्हणणे असे आहे की या जागांवर बसलेली बहुतेक रूपे मुळात तिथली नाहीत. ती हजार-दीड हजार वर्षांत दुसऱ्या जागांवरून सरकत सरकत इथे आली, आणि एक रूप सरकले की त्याच्या शेजारच्याला जागा बदलावी लागली. आजचा नियम म्हणजे त्या हालचालीचा एका विशिष्ट काळी झालेला ठराव आहे. त्याचे कारण वास्तव-अवास्तवाच्या तर्कात शोधले तर हाती अर्धवट उत्तर येते. रूपांच्या इतिहासात शोधले तर बरेचसे पुरे.

लॅटिनमध्ये ही व्यवस्था खरोखरच बरीच सुसंगत होती. दूरच्या शक्यतेसाठी वर्तमानकाळाचे सब्जंक्टिव्ह, आत्ता खरे नसलेल्या गोष्टीसाठी अपूर्ण भूतकाळाचे सब्जंक्टिव्ह, आणि घडायची राहून गेलेल्या गोष्टीसाठी पूर्ण भूतकाळाचे सब्जंक्टिव्ह. शिवाय जरच्या वाक्यात जे रूप तेच तरच्या वाक्यात. ‘पैसे असते तर दिले असते’ असे म्हणताना मराठीही दोन्हीकडे ‘असता’चेच रूप ठेवते, त्यामुळे ही जुळणी मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. हा आराखडा मोडला तो उच्चारांमुळे. गाणे या अर्थाच्या क्रियापदाची ‘कान्तारेम’, ‘कान्तावेरिम’, ‘कान्तावेरो’ ही वेगवेगळ्या काळांची आणि अर्थांची रूपे होती, आणि ‘कान्तारे’ हे नुसते ‘गाणे’ असे मूळ रूप होते. बोलण्यात शेवटचा ‘म’ गळाला, मधले ‘वे’ आक्रसले, आणि ही सगळी रूपे एकमेकांच्या अंगावर येऊन पडली. ज्या रूपाचा वेगळेपणाच कानाला कळत नाही ते टिकत नाही. ‘कान्तारेम’ हे अपूर्ण भूतकाळाचे सब्जंक्टिव्ह सार्डिनियासारखे अपवाद सोडले तर लॅटिनच्या लेकी म्हणवणाऱ्या बहुतेक भाषांतून नाहीसे झाले. मोकळ्या झालेल्या जागेवर पूर्ण भूतकाळाचे ‘कान्ताविस्सेम’ उतरले, झिजून त्याचे ‘कान्तासे’ झाले, आणि जुन्या कास्तिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश भाषेत ‘जर’ म्हटले की हेच ‘-से’ रूप येऊ लागले. ‘असता तर’ आणि ‘असला असता तर’ हा भेद काही शतके एकाच रूपाने निभावला. भूतकाळासाठी ‘उविएसे’ किंवा ‘उविएरा’ जोडून जोडरूप करण्याची पद्धत नंतर रुळली. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर, जे रूप ‘होऊन गेलेल्या’ गोष्टीचे होते ते ‘आत्ताच्या’ गोष्टीसाठी वापरात आले, आणि याला कारण कुणाचा विचार नव्हता, जिभेची सवय होती.

याहून विलक्षण गोष्ट ‘-रा’ची. आज ‘सी तुविएरा’मधले ‘तुविएरा’ हे सब्जंक्टिव्हचे नमुनेदार रूप मानले जाते, पण त्याचा जन्म इंडिकेटिव्हच्या घरातला आहे. लॅटिन ‘कान्तावेराम’ म्हणजे साधे ‘गायलो होतो’. त्यात शंका नाही, इच्छा नाही, अट नाही. एका भूतकाळाच्या आधीचा दुसरा भूतकाळ, एवढेच. मध्ययुगीन कास्तिलियनमध्येही ‘कान्तारा’चा अर्थ हाच होता. १२०० च्या सुमाराच्या सिद या योद्ध्यावरच्या वीरकाव्यात ‘-रा’ प्रामुख्याने असाच, ‘केले होते’, ‘गेला होता’ या अर्थाने येतो, आणि अटीच्या जागी ‘-से’ दिसतो. मग हे सरळ विधानाचे रूप अवास्तवाच्या प्रदेशात शिरले कसे? त्याची वाट मराठी माणसाला सहज ओळखता येईल, कारण आपणही तीच वापरतो. ‘तू आला नसतास तर मी मेलोच होतो.’ बोलणारा जिवंत आहे, तरी तो ‘मेलो असतो’ न म्हणता ‘मेलोच होतो’ म्हणतो, कारण संकट किती जवळ आले होते हे त्याला ठसवायचे आहे. लॅटिन लेखकही अशा ठिकाणी तरच्या वाक्यात पूर्ण भूतकाळाचे इंडिकेटिव्ह वापरत. आधी जोर देण्यासाठी वापरलेली ही लकब पुढे नेहमीची झाली आणि ठसका हरवून बसली. तरच्या वाक्यात स्थिरावलेले ‘-रा’ मग दोन्हीकडे एकच रूप ठेवण्याच्या जुन्या ओढीने जरच्या वाक्यातही शिरले. मध्ययुगाच्या अखेरीस ही घुसखोरी वाढली, आणि सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत ‘सी तुविएरा, दिएरा’, म्हणजे दोन्हीकडे ‘-रा’, ही सर्रास घडण झाली. कादंबरीकार सर्व्हांतेसच्या गद्यात ती पुन्हा पुन्हा भेटते.

या प्रवासाच्या खुणा आजच्या भाषेत स्पष्ट दिसतात, आणि मला त्या कोणत्याही नियमापेक्षा बोलक्या वाटतात. ‘तुविएरा’ आणि ‘तुविएसे’ ही जोडी जरच्या वाक्यात एकमेकांच्या जागी चालते. एकाच कामासाठी दोन रूपे कशाला, हे शिकणाऱ्याला कोडे वाटते. एक जुना मालक आणि एक नंतर आलेला भाडेकरू एकाच घरात राहिले, हे त्याचे उत्तर. पण नम्रपणे काही मागताना ‘क्विसिएरा’, म्हणजे ‘मला हवे होते’, असे म्हणतात. तिथे ‘क्विसिएसे’ बसत नाही. कारण ‘-रा’ मुख्य वाक्यात जन्मले, वाढले, आणि मग गौण वाक्यात गेले. ‘-से’ला कास्तिलियनमध्ये मुख्य वाक्यात तसे घर मिळाले नाही. अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये तर ‘-रा’ने ‘-से’ला बोलण्यातून जवळपास हद्दपार केले आहे. शिवाय ‘-रा’चा मूळ अर्थ पुरता मेला नाही. पोर्तुगीज भाषेच्या ग्रांथिक शैलीत ते रूप अजून ‘केले होते’ याच अर्थाने येते. स्पेनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेलेन्देस वाल्देससारख्या कवींनी जुन्या बाजाच्या ओढीने तो अर्थ पुन्हा वापरात आणला, आणि आज वर्तमानपत्रे एखाद्या माजी अध्यक्षाचा उल्लेख ‘जो अध्यक्ष होता’ असा करताना ‘फुएरा’ लिहितात. व्याकरणकार आंद्रेस बेय्यो यांना हा जीर्णोद्धार पसंत नव्हता; एकाच रूपाला दोन कामे दिली की गोंधळ होतो, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप रास्त असेल, पण त्यातून एवढे निश्चित दिसते की ‘-रा’ हे स्वभावतः अवास्तवाचे रूप आहे असे म्हणता येत नाही. ते अवास्तवाच्या कामाला लावले गेले.

तरच्या वाक्यात आज जे ‘-रिया’ रूप येते ते तर लॅटिनमध्ये नव्हतेच. ‘कान्तार’ या मूळ रूपापुढे ‘आबिया’, म्हणजे ‘होते’ किंवा ‘असे’, जोडून ‘गायचे होते’ अशा अर्थाची जोडणी बोलण्यात तयार झाली आणि तिचे ‘कान्तारिया’ झाले. जुन्या कास्तिलियनमध्ये या दोन तुकड्यांच्या मध्ये सर्वनाम घालता येत असे, इतका सांधा अजून कच्चा होता. १४९२ मध्ये सालामांका येथे कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापणाऱ्या आंतोनिओ दे नेब्रिखा यांनीही अशा रूपांची घडण मूळ क्रियापद आणि ‘आबेर’ यांच्या जोडातून झाल्याचे ओळखले होते. आता या नव्या रूपाला कोणत्या ‘अर्था’च्या, म्हणजे इंडिकेटिव्हच्या की सब्जंक्टिव्हच्या, खात्यात टाकायचे? याचे उत्तर स्पॅनिश व्याकरणकारांनी दर पिढीला बदलले. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अकादमीने आपले पहिले व्याकरण १७७१ मध्ये काढले, आणि अकादमीच्या परंपरेत दीर्घकाळ ‘आमारा’, ‘आमारिया’, ‘आमासे’ ही तिन्ही सब्जंक्टिव्हच्या एकाच ओळीत मांडली जात. बेय्यो यांनी १८४७ मध्ये सान्तियागो येथे छापलेल्या आपल्या व्याकरणात ‘-रिया’ला तिथून उचलून इंडिकेटिव्हमध्ये आणले, कारण त्यांच्या मते ते भूतकाळातून पाहिलेले भविष्य होते. अकादमीने १९१७ मध्ये त्याला सब्जंक्टिव्हमधून काढले खरे, पण स्वतंत्र असा एक ‘संभाव्य’ अर्थ निर्माण करून त्यात बसवले. १९७३ च्या नव्या आराखड्यात ते शेवटी इंडिकेटिव्हमध्ये गेले, म्हणजे बेय्यो यांच्या मताजवळ. रूप तेच, वाक्य तेच, बोलणारे तेच. आणि व्याकरणाच्या पुस्तकांनी त्याला तीन वेगवेगळ्या अर्थांखाली मांडले. ‘खात्रीला इंडिकेटिव्ह’ हे सूत्र या इतिहासापुढे उभे राहू शकत नाही.

आता चौथे रूप, जे बोलण्यातून गेले आणि कागदावर राहिले. ‘कान्तावेरो’ आणि ‘कान्तावेरिम’ ही दोन लॅटिन रूपे एकमेकांत मिसळून कास्तिलियनमध्ये ‘-रे’ हे भविष्याचे सब्जंक्टिव्ह तयार झाले. पुढे घडू शकेल पण अजून घडलेले नाही, अशा अटीसाठी ते अगदी नेमके होते. ‘सी विनिएरे’, जर कधी आला तर. तेराव्या शतकात अल्फोन्सो दहाव्याच्या आश्रयाने रचलेल्या ‘सिएते पार्तीदास’ या विधिसंहितेत ते जागोजागी आहे, आणि यात नवल नाही. कायदा म्हणजे अटींचे शास्त्र: कोणी चोरी केली तर, कोणी निपुत्रिक मेला तर, कोणी शब्द मोडला तर. बोलीतून मात्र हे रूप सतराव्या-अठराव्या शतकांत मावळत गेले. ‘जसा देश तसा वेश’ या अर्थाची स्पॅनिश म्हण आजही ‘-रे’ रूपातच म्हटली जाते, पण ती म्हणणारा एरवी ते रूप वापरत नाही. कायद्याने ते सोडले नाही. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत राजा कारभार करण्यास असमर्थ ठरला तर काय करायचे, हे सांगताना ‘-रे’ येते. १९९५ च्या दंडसंहितेत खून करणाऱ्याची व्याख्या त्याच रूपात आहे. आणि येथे पुन्हा बेय्यो यांचे नाव घ्यावे लागते. काराकासमध्ये १७८१ मध्ये जन्मलेल्या आणि चिलीत आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या या माणसाने स्पॅनिशचे सर्वांत सूक्ष्म व्याकरण लिहिले, आणि १८५५ मध्ये मंजूर होऊन १८५७ पासून अमलात आलेली चिलीची नागरी संहिताही त्यांनीच तयार केली. व्याकरणात त्यांनी ‘-रे’ला ‘सांकेतिक सब्जंक्टिव्ह’ असे वेगळे नाव देऊन त्याची जागा निश्चित केली, आणि संहितेत ते कलमामागून कलमात वापरले. भाषेच्या नियमाचा आणि राज्याच्या नियमाचा विचार एकाच मनात इतक्या जवळून झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत, आणि बेय्यो यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

‘-रे’च्या मावळण्यातच सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर आहे. जुन्या भाषेत ‘तो आला तर’ आणि ‘तो आला की’ या दोन्हींसाठी ‘विनिएरे’ चालत असे. दोन्ही गोष्टी भविष्यातल्या, दोन्ही अजून न घडलेल्या, म्हणून दोन्हींना एकच रूप. यात तर्क होता. पण ‘-रे’ला प्रत्येक ठिकाणी एकेक प्रतिस्पर्धी होता. ‘सी’नंतर लॅटिनपासूनच वर्तमान इंडिकेटिव्हची वहिवाट होती: खुल्या अटीसाठी ‘सी विएने’ आधीपासून म्हणत आले होते. उलट लॅटिनमधली ‘सी’ आणि वर्तमान सब्जंक्टिव्ह ही जोडी फार पूर्वीच मोडली होती, त्यामुळे ‘सी वेंगा’ म्हणण्याची सोय उरली नव्हती. ‘क्वान्दो’चे तसे नव्हते. ‘क्वान्दो विएने’ याचा अर्थ ‘तो येतो तेव्हा’, म्हणजे नेहमीचे येणे, असा पक्का झाला होता, म्हणून भविष्यातल्या एका येण्यासाठी ‘क्वान्दो वेंगा’ हाच पर्याय हाताशी होता. ‘-रे’ गेले तेव्हा प्रत्येक शब्दयोजना आपापल्या जुन्या आधाराकडे परतली. ‘सी’च्या वाट्याला इंडिकेटिव्ह आले आणि ‘क्वान्दो’च्या वाट्याला सब्जंक्टिव्ह. म्हणून ‘सी’नंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह कधीही नाही, हा विद्यार्थ्यांना घोकावा लागणारा नियम कोणत्याही अर्थच्छटेतून निघत नाही.

या उत्तराचा पुरावा शेजारच्याच भाषेत आहे, आणि तिथे महाराष्ट्राच्या दक्षिणेला राहणाऱ्यांचाही संबंध येतो. पोर्तुगीज भाषेत भविष्याचे सब्जंक्टिव्ह मेले नाही. लिस्बनमधले मूलही आज ‘से व्हिएर’ आणि ‘क्वान्दु व्हिएर’ म्हणते, जर आला तर आणि आला की, दोन्हींना तेच एक रूप. जिथे रूप टिकले तिथे कोडे निर्माणच झाले नाही. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्यकारभाराची भाषा होती, आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंब व वारसाविषयक तरतुदी तिथे मुक्तीनंतरही चालू राहिल्या. त्या परंपरेतला जुना दस्तऐवज वाचणाऱ्या वकिलाला या रूपाशी ओळख करून घ्यावीच लागते. स्पेनमध्ये जे रूप कायद्यात पुराणवस्तूसारखे जपले गेले, तेच पोर्तुगीज कायद्यात चालत्या-बोलत्या भाषेचे होते. एकाच उगमाच्या, शेजारशेजारच्या दोन भाषांत संकेतवाक्याचा नियम वेगळा पडतो, आणि फरक फक्त एवढाच की एकीत एक रूप जगले आणि दुसरीत मेले. तर्काने हा फरक समजावून दाखवणे मला अशक्य वाटते.

यावर भाषाशास्त्राचा एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळता येत नाही. जगातल्या कितीतरी भाषा अवास्तव सांगायला भूतकाळाची रूपे वापरतात. जे काळाने दूर गेले ते वास्तवापासूनही दूर, असे काहीतरी माणसाच्या मनात असावे. इंग्रजीत हेच दिसते, फ्रेंचमध्येही. मराठीत तर उद्याच्या पावसाबद्दल बोलतानाही ‘पाऊस पडला तर’ असे भूतकाळी ‘पडला’ म्हणतात. मग स्पॅनिशमध्ये एकामागून एक भूतकाळी रूपेच ‘सी’च्या मागे का लागली, याचे कारण इतिहासात नसून मनाच्या रचनेत आहे असे का म्हणू नये? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. मनाचा हा कल एवढेच सांगतो की उमेदवार भूतकाळी रूपांमधून येतील. कोणता उमेदवार निवडला जाईल, आणि तो इंडिकेटिव्ह असेल की सब्जंक्टिव्ह, हे तो सांगत नाही. लॅटिनच्या लेकींकडे पाहिले की हे स्पष्ट होते. इटालियनने ‘जर’साठी भूतकाळी सब्जंक्टिव्ह ठेवले. फ्रेंचने ते सोडून साधे अपूर्ण भूतकाळाचे इंडिकेटिव्ह घेतले. रोमेनियनने जर आणि तर दोन्हींना संकेताचे एकच रूप दिले. माणसांची मने सगळीकडे सारखीच होती, आणि अर्थाची निवड मात्र तीन तऱ्हेने झाली. खुद्द स्पॅनिशमध्येही बोलताना पश्चात्तापाने ‘सी लो से, नो वेंगो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘मला कळते तर मी येत नाही’, आणि अर्थ असतो ‘आधी कळले असते तर आलोच नसतो’. हातून गेलेली, पूर्ण अवास्तव अट, आणि दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ, साधे इंडिकेटिव्ह. ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. अवास्तव कळण्यासाठी सब्जंक्टिव्ह अनिवार्य असते तर हे वाक्य कुणाला समजलेच नसते.

सगळ्यात कडक वाद आहे तो उत्तर स्पेनमधल्या बोलीचा. बास्क प्रदेश, ला रिओखा, कान्ताब्रिया आणि बुर्गोस या भागांत अनेक लोक ‘सी तुविएरा’ऐवजी ‘सी तेन्द्रिया’ म्हणतात, म्हणजे जरच्या वाक्यातही ‘-रिया’. शाळा त्याला चूक मानतात आणि मुलांना त्यावरून टोकतात. फ्रान्समध्येही याच चुकीविरुद्ध शाळकरी मुलांना एक कोटीवजा वाक्य पाठ करायला लावतात. भाषाशास्त्रज्ञ कार्मेन सिल्वा-कोर्व्हालान यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बुर्गोस प्रांतातील कोवार्रुबियास या गावातली ही बोली तपासली होती. कास्तिलचा काउंट फेर्नान गोन्सालेस याची समाधी त्या गावच्या चर्चमध्ये आहे. कास्तिलियन भाषेच्या जन्मभूमीतले हे गाव. म्हणजे ही ‘चूक’ परक्या संसर्गाने आलेली, दूरच्या वसाहतीतली, असे म्हणण्याची सोय नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात अगदी ओळखीची हालचाल दिसते. ‘-रा’ आधी तरच्या वाक्यात आले आणि मग जरच्या वाक्यात शिरले. ‘-रिया’ने पुढे ‘-रा’ला तरच्या वाक्यातून हटवले, आणि आता या भागात तेही जरच्या वाक्यात शिरते आहे. वाट तीच, दिशा तीच. दोन्हीकडे एकच रूप ठेवणे हा लॅटिनचा जुना बाज होता आणि रोमेनियनचा आजचा प्रमाण नियम आहे. बुर्गोसच्या शेतकऱ्याचे वाक्य अडाणीपणाचे आहे, असे म्हणणाऱ्याने बुखारेस्टच्या प्राध्यापकाबद्दल काय म्हणायचे ते आधी ठरवावे.

मग ‘सी तेन्द्रिया’ बरोबर मानायचे का? इथे मी थांबतो. एखादी गोष्ट इतिहासात समजते म्हणून ती सर्वत्र मान्य होते, असे नाही. प्रमाणभाषा ही मोठ्या समाजाने एकमेकांना दिलेली हमी असते. स्पॅनिश सुमारे २० देशांची राजभाषा आहे. बोगोटात लिहिलेला करार माद्रिदमध्ये आणि मेक्सिकोतला निकाल मानिलाच्या अभ्यासकाला एकाच अर्थाने वाचता यावा, ही गरज खरी आहे. बेय्यो यांनी आपले व्याकरण लिहिले तेच या भीतीने, की स्वतंत्र झालेल्या देशांची भाषा फुटत जाईल आणि लॅटिनचे झाले तसे स्पॅनिशचे तुकडे होतील. ती भीती गंभीर होती आणि त्यांचे काम उपयोगी ठरले. म्हणून लेखनात ‘सी तुविएरा’ ठेवावे, शिकवावे, परीक्षेत मागावे. पण मागताना कारण खरे सांगावे. ‘सी तेन्द्रिया’ टाळायचे ते सर्वमान्य ठराव तसा आहे म्हणून. ते विचारशून्य आहे, किंवा त्यात वास्तव आणि अवास्तव यांची गल्लत होते, हे कारण खोटे आहे, आणि खोटे कारण देऊन बुर्गोसच्या मुलाला त्याच्या आजीच्या बोलीची लाज वाटायला लावणे हा अन्याय आहे.

आणखी एक आक्षेप शिकवणाऱ्यांकडून येतो आणि तो व्यवहाराचा आहे. विद्यार्थ्याला नियम हवा असतो, इतिहास नको. इतिहासाने डोक्यावर ओझे वाढते. मला नेमके उलटे वाटते. अर्थावर बेतलेला नियम प्रत्येक पावलाला अपवाद मागतो. ‘सी’नंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह का नाही, ‘क्वान्दो’नंतर का आहे, ‘-रा’ आणि ‘-से’ दोन का, ‘क्विसिएरा’ चालते तर ‘क्विसिएसे’ का नाही, कायद्यात हे ‘-रे’ कुठून आले: प्रत्येकाला एकेक तात्पुरती समजूत काढावी लागते, आणि त्या समजुती एकमेकांशी जुळत नाहीत. चार रूपे कुठून निघाली आणि कोणत्या क्रमाने सरकली, एवढे एकदा कळले की हे पाचही प्रश्न एकाच हकिगतीत सुटतात. मराठी विद्यार्थ्याची तर यात विशेष सोय आहे, कारण ‘मेलोच होतो’ आणि ‘पडला तर’ ही वाक्ये तो लहानपणापासून बोलत आलेला असतो. रूपाचे नाव एक आणि काम दुसरे असू शकते, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

हा ठराव अजून पुरता झालेलाही नाही. हातून गेलेल्या संधीबद्दल बोलताना तरच्या वाक्यात ‘आब्रिया इदो’ म्हणावे की ‘उविएरा इदो’, याबाबत अकादमी आज दोन्ही मान्य करते. पुस्तके पहिले आधी देतात. बोलणारे लोक दुसरेही तितक्याच सहजपणे वापरतात, आणि त्यांच्या ‘सी उविएरा साबिदो, उविएरा वेनिदो’मध्ये सर्व्हांतेसच्या काळची दोन्हीकडच्या ‘-रा’ची घडण तशीच शिल्लक आहे. इतर बहुतेक क्रियापदांतून ‘-रिया’ने ती चारशे वर्षांत हटवली, ‘आबेर’मधून अजून नाही.